मागच्या सीटवर कोण बसणार

शुक्रवार, १४ मार्च. आज रजा घेऊन फ्लॅटमधलं बाँब शेल्टर रिकामं करायला काढलं, सरकारने युद्धासाठी घराघरात बांधून दिलेली आणि सगळ्यांनी अडगळीला वापरलेली ती खोली.

दादा, तू असतास तर त्या जाड लोखंडी दारात उभा राहून म्हणाला असतास, नीलू, कशालाही हात लावू नकोस, मला सगळं माझ्या पद्धतीने सापडतं. तुझी पद्धत आज पाहिली. इस्त्रीच्या खोक्यात इस्त्री नाही, जुन्या गाड्यांची माहितीपत्रकं आहेत. तांदळाच्या डब्यावर तांदूळ लिहिलंय आणि आत गाड्यांचे फोटो. तांदूळ मात्र खरोखरच कुठेच नाहीत. तू होतास त्या शेवटच्या दोन महिन्यांत आपण तांदूळ संपले की खाली दुकानात पळत होतो, त्याचं कारण आज कळलं.

लोक शेल्टरमध्ये कांदे, सुटकेसी आणि मोडका पंखा ठेवतात. आपणही ठेवले होते. पण उरलेल्या सगळ्या फळ्यांवर तू दोन गाड्या ठेवल्या होत्यास, कागदाच्या. उजवीकडे रिव्हिएरा, डावीकडे थंडरबर्ड, दोन्ही पासष्ट सालच्या, अमेरिकन. मधल्या फळीवर तुझा लेख.

त्या लेखासाठीच मी आत शिरले. वाचनगटाचा अंक छापायला जायचाय आणि वैशालीचे तीन मेसेज येऊन गेले. संपादक म्हणून ती कडक आहे, पण या वेळी फार हळू बोलली. म्हणाली, लेख आहे तसाही छापू, फक्त शेवट नाही. खरंच नाही. 'संग्राहकाने कोणती घ्यावी?' असा मथळा आहे, त्याखाली 'निकाल' आणि त्याखाली कोरं पान. वैशाली म्हणाली, तूच लिही, तुला त्याचं मत माहीत असणार. मी हो म्हटलं. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

तुझं मत मला माहीत होतंच. नऊ वर्षं ऐकत होते.

तू गेल्याला आज सव्वीस दिवस झाले. या सव्वीस दिवसांत मी जे फॉर्म भरले त्या प्रत्येकावर नात्याचा रकाना होता. बहीण. समोरचा माणूस वर बघायचा आणि विचारायचा, वाइफ नाही? मुलं? मी नाही म्हणायचे. मग तो सौम्य आवाजात विचारायचा, मग घरात आणखी कोण? एका खिडकीवरच्या पोरीने तर माझी इतकी कीव केली की मला तिच्यासाठी वाईट वाटलं. ऑफिसातही तसंच. हार्बरफ्रंटला आमच्या मजल्यावर सगळे भले आहेत, पण भावासाठी रडायला किती दिवस लागतात याचा त्यांना अंदाज नाही. मलाही नव्हता. चौथ्या दिवशी मी जाऊन बसले आणि बंदरात अडकलेल्या कंटेनरची कागदपत्रं सोडवली. कंटेनर सुटला तेव्हा बरं वाटलं, हे तुला सांगायला हरकत नाही.

फ्लॅट घेतला तेव्हा आपण ज्या योजनेत बसलो, तिचं नाव तुला फार आवडायचं. जॉइंट सिंगल्स. तू चाळिशी ओलांडलेला अविवाहित, मी एकोणचाळिसाव्या वर्षी घटस्फोट घेऊन तुझ्याकडे आलेली. दोन एकट्यांनी मिळून घर घ्यायला सरकारने शब्द शोधला म्हणून तू आठवडाभर खूष होतास. फोनवर आईला मराठीत काय सांगायचं यावर आपलं भांडणही झालं. तू सांगितलंस, 'जोडीने एकटे.' आई म्हणाली, असलं काही नातेवाइकांत बोलू नकोस.

तोच घोळ तू लेखात घालून ठेवलायस. या गाड्यांच्या प्रकाराला इंग्रजीत पर्सनल लक्झरी कार म्हणतात. तुला मराठी शब्द हवा होता. मी म्हटलं, सोपं आहे, एकलकोंड्यांची गाडी. दोनच दारं, मागे बसायचं तर पुढच्याने उठायचं, एवढी लांबलचक गाडी आणि आत जाण्याची सोय मोजून दोघांची. तू चिडलास. 'एकलकोंड्यांची नाही गं,' म्हणालास. 'पुढे बघ. बाकडं नाही, दोन खुर्च्या आहेत आणि मध्ये कट्टा. ज्याची त्याची जागा वेगळी, पण जायचं एकाच ठिकाणी. आपल्या घरासारखं.'

त्यावर मी म्हटलं होतं की आपल्या घरात कट्ट्यावर तुझे मोजे असतात. तुझं बोलणं मला तेव्हा कळलं नव्हतं, असं नाही. विषय टाळायचा म्हणून मोजे मध्ये आणले.

लेखात तू अजून तो शब्द ठरवलेला नाहीस. जिथे जिथे तो यायला हवा तिथे गाळलेली जागा आहे. मी मोजल्या नाहीत, पण खूप आहेत.

बाकी लेख चांगला आहे, दादा. तू बोलताना जितका पाल्हाळ लावायचास त्याच्या निम्माही नाही. रिव्हिएराबद्दल लिहिलंयस की तिच्या अंगावर एकही जास्तीची रेघ नाही, कोट शिवणारा चांगला शिंपी जसा कापड कापतो तशी ती कापलीय. दिवे पुढच्या दोन कोपऱ्यांत झाकणांमागे असतात आणि लावले की झाकणं पापण्यांसारखी उघडतात. खाली वेगळी चौकट आहे, त्यामुळे वरच्या पत्र्याला दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. थंडरबर्ड जड. तिला वेगळी चौकट नाही, सगळं अंग एकसंध, म्हणून आत गंज शिरला तर तो कुठपर्यंत गेलाय ते बघूनच सौदा करावा. पण ती जास्त बनली, त्यामुळे सुटे भाग मिळतात. उतरताना तिचं स्टिअरिंग बाजूला सरकतं. वळताना मागचे लाल दिवे एकापाठोपाठ एक पेटत जातात.

आणि मग हे वाक्य: 'घरातल्या एका जाणकार व्यक्तीच्या मते थंडरबर्डची मागची सीट गोलाकार असून दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी आहे, आणि केवळ या एका मुद्द्यावर ती श्रेष्ठ ठरते.'

जाणकार व्यक्ती. मी त्या दोन्ही गाड्या कधी पाहिलेल्याच नाहीत.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचं आपण पुन्हा कधी बोललो नाही. तू सीमेपलीकडच्या जोहोरहून आला होतास. ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने तुला ओंग अंकल सापडले होते, कुलाईजवळ पाम तेलाची बाग असलेले म्हातारे गृहस्थ. त्यांच्या शेडमध्ये या दोन गाड्या. दोन्ही डाव्या स्टिअरिंगच्या, रस्त्यावर नेण्यासाठी नव्हत्या, शेडपासून बागेच्या फाटकापर्यंत आणि परत एवढाच त्यांचा प्रवास. वय झालं, दोन सांभाळवत नाहीत, म्हणून अंकलना एक विकायची होती. कोणती विकायची ते त्यांना ठरवता येत नव्हतं. तुला म्हणाले, तू निवड, उरलेली मी ठेवतो. गाडी त्यांच्याच शेडमध्ये राहणार. तू दर रविवारी जायचं, कारण रविवारी त्या भागातले जुन्या गाड्यांचे सगळे शौकीन तिथे जमतात, जेवतात, एकमेकांची इंजिनं ऐकतात.

तू टेबलावर फोटो मांडलेस. मी पापलेट साफ करत होते. तू विचारलंस, 'काय म्हणतेस?'

मी हात न धुता बोलायला लागले. तुझे गुडघे. सीमेवरच्या पुलाची, कॉजवेवरची रांग. गंज. इथल्यापेक्षा तिकडे पाऊस कमी पडतो का, असंही विचारलं. शेवटी म्हटलं, आणि दोन दारं. आई आली की मागच्या सीटवर कोण बसणार?

तू हसत म्हणालास, 'तू बस. आईला पुढे बसवू.'

'मी मागे बसणार नाही,' मी म्हटलं. मग तुझा चेहरा पाहून, काहीतरी बोलायचं म्हणून, एका फोटोवर बोट ठेवलं. 'घ्यायचीच असती तर ही. हिची मागची सीट तरी बरी दिसतेय.' ती थंडरबर्ड होती. मला नावही माहीत नव्हतं.

तू फोटो गोळा केलेस आणि मासळीला हळद लावलीस. त्यानंतर नऊ वर्षं तू माझ्याशी थंडरबर्डवरून वाद घातलास. मी पण घातला. हट्टाने वाचून वाचून मी तिच्या बाजूची झाले.

दादा, त्यातलं एकही कारण खरं नव्हतं. गुडघे ठीक होते. गंजाचं मला काय घेणंदेणं? मला रविवारी घरात एकटीने बसायची भीती वाटली होती. आठवडाभर मी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, काम करते. रविवारी कुणीतरी घरात वावरायला हवं असतं. लग्नातल्या शेवटच्या दोन वर्षांत माझे सगळे रविवार मी एकटीने काढले होते आणि ते मला पुन्हा नको होते. हे एक वाक्य होतं. पाच सेकंदांचं. ते सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही. हट्ट म्हणून नाही म्हणणं मला जमतं. भीक मागितल्यासारखं बोलणं जमत नाही.

दुपारी तुझा फोन चार्जिंगला लावला. लाइन बंद करायची म्हणून त्यातले नंबर उतरवून घ्यायचे होते. चालू झाल्यावर मिनिटभर मेसेज पडत राहिले. बरेचसे बँकेतल्या लोकांचे, ज्यांना चांगी बिझनेस पार्कात तुझी खुर्ची रिकामी बघायची सवय अजून झालेली नाही. आणि ओंग अंकलचे अकरा मिस्ड कॉल.

मला वाटलं, नऊ वर्षांनी गाडी पुन्हा विकायला काढली असेल. माणसाला कळवायला तर हवं. मी तुझ्याच फोनवरून लावला.

त्यांनी उचलला तोच ओरडत. त्यांना वाटलं तूच. 'व्हाय नेव्हर कम? थ्री सॅटर्डे ऑलरेडी. यू सिक आह?'

मी सांगितलं मी कोण. मग सांगितलं काय झालं. सोळा फेब्रुवारी, रविवार सकाळ, हार्ट. पलीकडे लांबवर कोंबडा आरवत होता. मग ते म्हणाले, 'बट सॅटर्डे ही वॉज हिअर. ही वॉश बोथ कार.'

आदल्या दिवशी तू ऑफिसात होतास. शनिवारची ड्यूटी. महिन्यातून दोन शनिवार, कधी तीन. सर्व्हर बदलायचे असतात, मेंटेनन्स असतो, तुझ्या त्या सगळ्या कारणांवर मी नऊ वर्षं बँकेला शिव्या दिल्या. एकदा तर डब्यात थालीपीठ दिलं आणि म्हटलं, तुझ्या मॅनेजरला दाखव, माणसं घरी काय खातात ते. तू डबा घेऊन गेलास. अंकलनी आज सांगितलं, त्यांना थालीपीठ आवडतं. त्यांना त्याचं नाव येत नाही. 'दॅट स्पायसी फ्लॅट वन,' म्हणाले.

मी बसले, शेल्टरच्या उंबऱ्यावरच. विचारलं, तो तिथे येऊन काय करायचा. काही नाही, ते म्हणाले. दोन्ही सुरू करायचा, फाटकापर्यंत न्यायचा, पुसायचा, जेवायचा आणि चारला निघायचा. माझी बहीण लवकर स्वयंपाक करते, म्हणायचा. मग मी विचारलं, एवढं होतं तर घेतली का नाही? त्याने काही सांगितलं का?

'हॅव, हॅव. ही से, माय सिस्टर वॉन्ट थंडरबर्ड, आय वॉन्ट रिव्हिएरा. टू पीपल कॅनॉट अ‍ॅग्री, हाउ टू बाय?' आणि ते जरासे हसले. 'नाइन इयर्स, यू टू स्टिल कॅनॉट अ‍ॅग्री, लाह.'

मी नको म्हणाले असं तू त्यांना सांगितलं नाहीस. कुणालाच नाही. नऊ वर्षं परक्या माणसासमोर माझी लाज राखलीस, तीही अशी की मी त्यात जाणकार दिसावी. मला राग आला, दादा. इतका की फोन ठेवल्यावर मी तांदळाचा डबा जोरात आपटला. खोटं बोलून गेलास. रविवारी मी विचारायचे, काल फार काम होतं का रे, आणि तू पाय चोळत म्हणायचास, उभं राहावं लागतं.

मग बसून 'निकाल' लिहायला घेतला. 'संग्राहकाने' एवढंच लिहून झालं. रिव्हिएरा लिहिलं तर ते मेलेल्याची समजूत काढणं होईल. थंडरबर्ड लिहिलं तर त्या रविवारची थाप छापून येईल, माझी. गाडी न बघता नऊ वर्षं मत दिलं ते पुरे झालं.

ओंग अंकलना पुन्हा फोन लावला आणि विचारलं, उद्या येऊ का.

शनिवार. सकाळी वैशालीला मेसेज केला की शेवटचं पान संध्याकाळी देते, त्याआधी विचारू नकोस. यिशुनहून वुडलँड्स, सीमेच्या चेकपॉइंटला पाऊण तास उभी राहिले, मग लार्किनची बस. ओंग अंकल त्यांचा जुना पिकअप घेऊन आले होते. पंचाहत्तरीचे असतील, हाफ पँट आणि गमबूट. त्यांनी गरम सोयाच्या दुधाची पिशवी हातात दिली आणि दार उघडून धरलं. वाटेत बागेच्या कालव्याबद्दल बोलत होते. तुझं नाव एकदाही घेतलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

शेड पत्र्याची आहे. आत दोन्ही गाड्यांवर चादरी. आपल्या घरच्या जुन्या चादरी, निळी फुलं असलेली आणि ती चौकड्यांची, जी फाटली म्हणून टाकली असं तू मला सांगितलं होतंस. मी एक एक ओढून काढली.

फोटोत त्या एवढ्या मोठ्या वाटत नाहीत. थंडरबर्ड लालसर, अंगाने भरलेली, लग्नघरातल्या मावशीसारखी. तिच्या मागच्या सीटवर हात दाबून पाहिला. सोफा आहे खरा, माझं चुकलं नव्हतं. रिव्हिएरा गडद हिरवी. तिच्याभोवती मी दोनदा फिरले, काहीतरी खोट काढावी म्हणून. शिंप्याचं तू लिहिलंयस ते बरोबर आहे. दाराच्या काचेला कड नाही. आत दोन खुर्च्या आणि मध्ये कट्टा, त्यावर घडी केलेलं पुसायचं फडकं होतं, तुझ्या हाताची घडी, तीन पदरी.

ओंग अंकल खाली पडलेली चादर उचलून झटकत होते. मी त्यांना इंग्रजीतच सांगितलं, कारण ज्याला मराठीत सांगायचं होतं तो उरलेला नाही. म्हटलं, अंकल, आमचं जमलं नाही असं नव्हतं. मी त्याला नको म्हणाले. मला रविवारी एकटं राहायचं नव्हतं. आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

त्यांनी चादरीचं एक टोक माझ्याकडे दिलं, घडी घालायला. आम्ही दोघांनी ती घातली.

'ही नो एव्हरीथिंग,' ते म्हणाले. 'संडे ऑल माय फ्रेंड्स कम, मेनी कार, मेनी फूड. एव्हरी टाइम आय कॉल हिम संडे. ही से कॅनॉट, संडे माय सिस्टर अलोन. सो ही कम सॅटर्डे. नोबडी हिअर, ओन्ली मी.'

मग त्यांनी खिळ्यावरच्या दोन्ही किल्ल्या काढल्या, चार शनिवार झाले, इंजिनं फिरवायला हवीत म्हणाले, आणि कोणती आधी, असं विचारलं.

मी रिव्हिएराची घेतली.